कडू पानांची गंजी

मुलांनो, जिथं झाडंसुद्धा चढता चढता दमतात आणि खालीच थांबतात, अशा एका उंच डोंगरावर, दगडांच्या राशीत एक चिमुकला ससा राहत असे. मूठभर अंग, गोल कान, आणि शेपूट म्हणाल तर नाहीच. असे ससे आता फार थोडे उरले आहेत. त्या अख्ख्या उतारावर तर दोनच होते, एक हा आणि दुसरा पलीकडच्या कपारीतला त्याचा तरणा शेजारी. दोघांचं जाणंयेणं बेताचंच. पण एक रीत दोघंही पाळत. आकाशात ससाणा आला, की ज्याला आधी दिसेल त्यानं शीळ घालायची आणि दुसऱ्यानं दगडाखाली शिरायचं.

उन्हाळा तिथं घाईतल्या पाहुण्यासारखा येतो, जेमतेम टेकतो आणि निघतो. मग सगळं बर्फाखाली. हे ससे काही झोपून हिवाळा काढत नाहीत. ते जागे असतात, आणि जागं राहायचं तर पोटाला लागतं. म्हणून ऊन आहे तोवर ससा गवत आणि फुलं तोंडात धरून आणी, दगडावर पसरून वाळवी आणि कपारीत त्यांची गंजी रची. दर थरात मात्र तो ओढ्याकाठच्या एका झुडपाची कडू पानं घाली. त्याची आई तसं करायची. का, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि यानंही विचारलं नव्हतं.

शेजारी ऊन खात हे बघत बसायचा. एकदा म्हणाला, "काका, पाहुण्यानं एका घासात पळून जावं म्हणून कडू घालता का?"

सशाच्या तोंडात पानं होती, बोलणार कसा?

पुढं ससा लांब चरायला गेला, की शेजारी हळूच यायचा आणि त्याच्या गंजीतलं गवत ओढायचा. कडू पानं निवडून टाकायची, गोड तेवढं न्यायचं. कपारीच्या तोंडाशी कडू पानांचा ढीग दिसू लागला, तेव्हा सशाला काय ते कळलं. त्याला वाईट वाटलं. जाऊन भांडावंसंही वाटलं. पण भांडणात ऊन वाया गेलं असतं. टाकलेली पानं त्यानं पुन्हा गंजीत घातली आणि तो कामाला लागला. तरी बर्फ पडायला लागला तेव्हा गंजी निम्मीच होती. एवढ्यावर हिवाळा निघेल का, या विचारानं तो घास मोजून खाऊ लागला.

भर हिवाळ्यात शेजारी दगडांमधल्या फटींतून सरपटत त्याच्याकडे आला. अंग सुकलेलं, कान पडलेले.

"काका, माझी गंजी कुजली," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "माझी म्हणजे, तुमचीच."

ओल शिरून त्याचं सगळं गवत काळं पडलं होतं. सशानं घाबरून आपल्या गंजीत तोंड खुपसलं. तीच ओल इथंही होती, पण कडू पानांच्या मधलं गवत हिरवं होतं, त्याला अजून उन्हाचा वास होता. आईनं न सांगितलेलं त्याला आता समजलं. पण ही गंजी एकालाच कशीबशी पुरली असती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग बाजूला सरला.

"आत ये. वारा लागतोय."

"तुम्हाला पुरायचं नाही, काका."

"तू राहिला नाहीस, तर मला शीळ कोण घालणार?"

दोघं अर्ध्या पोटी राहू लागले. गोड गवत संपलं तरी बाहेर बर्फ होताच. उरली ती कडू पानं. शेजाऱ्यानं डोळे मिटून एक तोंडात घातलं, चावलं आणि डोळे उघडले. "काका, हे कडू कुठं आहे?" हिवाळाभर पडून पानांचा कडूपणा निघून गेला होता. त्या पानांवर दोघांनी बर्फ वितळेपर्यंत दिवस काढले.

वर कोवळं गवत आलं. ससा मान खाली घालून चरत होता, इतक्यात शीळ आली. तो दगडाखाली शिरला आणि ससाण्याची सावली दगडावरून निघून गेली. बाहेर येऊन बघतो, तर शेजारी उतारावर पडलेली कडू पानं वेचत होता. नव्या गंजीसाठी तो ती तोंडात धरून आणत होता, आणि शीळ घालायला त्यानं ती सोडून दिली होती.

तात्पर्य : कडू म्हणून जे टाकावंसं वाटतं, तेच पुष्कळदा गोडाला राखतं; आणि चुकलेल्या शेजाऱ्याला आपण राखलं, तर तोही आपल्याला राखतो.