पथ्य सांगण्याची घाई

एकदा वैशाखाच्या ऐन तापात एका वृद्ध वैद्याने आपल्या शिष्याला तांबटआळीत एक वाईट वार्ता सांगण्यास पाठवले. आळीतला एक वयस्क तांबट जलोदराने पीडित होता. वैद्यांनी आदल्या दिवशी त्याची नाडी पाहिली होती, आणि घरी परतल्यावर ते एवढेच म्हणाले होते, "दोन महिने. फार तर. उद्या तू जाऊन सांग. कधीतरी हेही शिकावे लागते."

शिष्य सहा वर्षे शिकलेला, पाठांतराचा पक्का. परंतु त्या पंधरवड्यात अशा निरोपाचे हे चौथे घर होते; आधीच्या तिन्ही घरी गुरू सोबत होते, आज तो एकटा होता. रात्री त्याला झोप लागत नसे, आणि सकाळी कोणाच्या दारात उभे राहण्याचे बळ अंगी उरलेले नसे. तो गेला आणि इतक्या लवकर परतला की, गुरूंची पूजाही आटोपली नव्हती.

"सांगितलेस?"

"सांगितले, गुरुजी."

"काय सांगितलेस?"

"असाध्य लक्षणांचा श्लोक म्हटला. अर्थ सांगितला. मीठ वर्ज्य, आंबट वर्ज्य, ताजे ताक घ्यावे, हे पथ्य सांगितले. शेवटी म्हणालो, सर्व परमेश्वराच्या हाती आहे. काही राहिले नाही."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. मान हलवली."

वैद्यांनी देवापुढे हात जोडले, गुडघ्यावर हात टेकून ते कष्टाने उठले आणि म्हणाले, "चल."

दोघे पोहोचले तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. तांबट ओसरीवर बसून एका घागरीच्या बुडावर ठोके देत होता. पोट तटतटलेले, हात काटकुळे. तरीही हातोडी चालू होती. वैद्यांना पाहताच तो हसला.

"या वैद्यबुवा! तुमच्या छोट्या वैद्यांनी आज माझी कोंडीच केली बघा. आंबट सोडा म्हणतात. चाळीस वर्षं चिंचेनं भांडी घासली, आता म्हातारपणी चिंचेशी वैर!"

"आणखी काय म्हणाले?"

"संस्कृतातलं काहीतरी छान म्हणाले, अर्थही भराभर सांगितला, मला काही उमगला नाही. मग ताक सांगितलं. ताक सुरू केलंय."

त्याची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "मी यांना म्हणते, येसूला बोलावून घेऊ. पोर घाटाखाली दिलीय, दोन वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. बैलांचा तांडा उद्या पहाटे घाट उतरतोय, त्यांच्या हाती निरोप जाईल. पुढचा तांडा पावसाळा सरल्यावरच."

"दसऱ्याला येईल की!" तांबट म्हणाला. "आत्ता उन्हात पोरीला कशाला दगदग? तोवर मीही बरा होतो."

हा माणूस जगण्याच्या भरवशावर आहे, हे शिष्याच्या ध्यानात आले. त्याने श्लोक पुन्हा म्हणण्यासाठी तोंड उघडले, तोच गुरूंनी हाताने त्याला थांबवले. त्यांनी त्याच्या खांद्यावरची औषधांची पेटी काढून आपल्या खांद्याला लावली, पायरीपाशी गेले, स्वतःच्या वहाणा पायात घातल्या आणि शिष्याच्या वहाणा हातात उचलून ते चालू लागले.

"अहो वैद्यबुवा, त्यांच्या वहाणा!" बायको ओरडली.

"उन्हे उतरली की येईल तो," वैद्य मागे न पाहता म्हणाले.

शिष्य लाजेने लाल झाला. पायरीखालची फरसबंदी तव्यासारखी तापली होती. अनवाणी निघणे अशक्य. बसून राहण्यावाचून त्याला गती नव्हती. तो बसला. हाती पेटी नव्हती, म्हणून हातांचे काय करावे तेही त्याला सुचेना. सांगण्यासारखे पथ्य संपले होते.

तांबटाने आणखी चार ठोके दिले. मग दोन. मग हातोडी खाली ठेवली.

"छोटे वैद्य, पेटी नाही, जायची गडबड नाही. नुसते बसलात. मी काय समजायचं?"

शिष्याच्या ओठांवर श्लोक आला होता. त्याने तो गिळला.

"काका, हे पोटातलं पाणी आता उतरणार नाही."

"ताकानं?"

"ताकानं दोन घास जातील. पाणी नाही उतरणार."

तांबटाने घागर बाजूला सारली. "दसरा?"

"दसऱ्यापर्यंत तुम्ही राहाल असं गुरुजींना वाटत नाही." तो थांबला. "मलाही वाटत नाही."

बायको दारात होती तिथेच मटकन खाली बसली. तांबटाचा चेहरा रागाने ताठरला.

"मग सकाळी ताक कशाला सांगितलंत? माणसाला ताक सांगतात म्हणजे तो जगणार, एवढं मला कळतं! मी उद्याचा तांडा जाऊ देणार होतो!"

"चुकलो, काका."

"चुकलो म्हणे!" तांबटाने हातोडी ढकलून दिली, आणि त्याचा हुंदका फुटला. शिष्याचे डोळे रस्त्याकडे गेले, पण तो हलला नाही. काही वेळाने बायको पदराने डोळे पुसत उठली, तांड्याच्या मुक्कामाकडे निघाली. "मी येईपर्यंत यांच्यापाशी बसाल ना?" तिने विचारले. तो बसला.  तांबटाने एकदा पाणी मागितले, तेवढेच.

दिवेलागणीला शिष्य परतला, तेव्हा वैद्य ओसरीवर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

"गुरुजी, सकाळी मी असत्य बोललो नव्हतो."

"नाही."

"मी थकलो होतो."

"मी पंचेचाळीस वर्षे थकलेला आहे," वैद्य म्हणाले. "थकणे हा अपराध नव्हे. परंतु थकलेल्या माणसाला लवकर उठायचे असते, आणि उठण्यासाठी तो काहीतरी सांगून टाकतो. तू ताक सांगितलेस ते त्याच्या पोटासाठी नव्हे. त्याने पुढे काही विचारू नये म्हणून. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, त्याने ताक धरले. आणि परमेश्वराचे नाव घेतलेस तेही त्यासाठीच. ते नाव खरे आहे, म्हणूनच कोणाचा प्रश्न मिटवायला ते वापरू नये. त्याने प्रश्न विचारावा, रागवावे, रडावे, आणि त्या वेळी तू तिथे असावेस. निरोपातले शब्द थोडे असतात. बाकी सगळे बसणेच असते."

"हे कधी सोपे होते का, गुरुजी?"

"ज्या दिवशी मला सोपे वाटेल, त्या दिवशी मी नाडीला हात लावणार नाही."

 दुसऱ्या दिवसापासून शिष्य कोणी न सांगता तांबटाकडे जाऊ लागला.

सतराव्या दिवशी, पावसाने घाट बंद होण्याआधी, येसू आली. डोक्यावरचे गाठोडे तिने ओसरीवर ठेवले, बापाचे पोट पाहिले आणि पाणीही न पिता शिष्याकडे वळली. "वैद्यदादा, खरं सांगा. आबांना काय झालंय?"

शिष्याने श्वास घेतला. तेवढ्यात तांबटाने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा, छोटे वैद्य. हिला मी सांगतो." मग मुलीकडे पाहून तो म्हणाला, "येसू, आधी बस अशी माझ्याजवळ."

येसूला जागा व्हावी म्हणून शिष्य भिंतीकडे सरकला आणि तिथेच बसून राहिला.