झोळीतले तांदूळ

"पण महाराज, आता माझी दीक्षा अडली आहे कशावर?"

धुंडीनाथबुवा धुनीत लाकूड सारत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा विद्याधर परुळेकर. समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करून देशोदेशी मान मिळवलेला माणूस. घरी बायको कुंदा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. तिला शेजारणीच्या हवाली करून तो खाडीकाठच्या या मठात भगवं घ्यायला आला होता.

मठाची रीत जुनी. दीक्षेआधीची पहिली भिक्षा स्वतःच्या घरून आणायची, तीही शिजलेल्या अन्नाची. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. नाव सांगायचं नाही.

सकाळी तो गावी जाऊन आला होता. झोळी बुवांपुढे पडून होती. बुवांनी तिला हात लावला नव्हता.

म्हातारा आपलं वैराग्य जोखतोय, असं विद्याधरला वाटलं. मग त्यानं ठेवणीतला दाखला काढला.

समुद्रात एक जीव असतो, त्यानं सांगितलं. कणा असलेल्या साऱ्या प्राण्यांचा अगदी जुना भाऊबंद. पिल्लू असताना त्याला शेपटी असते, शेपटीत कण्यासारखी दोरी आणि पुढे इवलासा मेंदू. ते मोकळं पोहतं. मग एक वेळ येते, आणि त्याच्या नसांतून एक सूक्ष्म रसायन सुटतं. न्यूरोपेप्टाइड म्हणतात त्याला. एका नसेनं दुसरीला धाडलेला निरोपच तो. तसले निरोप माणसाच्या डोक्यातही धावतात. निरोप पोचला की पिल्लू खडकाला चिकटतं. शेपटी जिरते, तो मेंदूही जिरतो. मागे राहते पाणी गाळत बसणारी एक पिशवी.

"म्हणजे संसारात पडला की डोकं जातं," बुवा म्हणाले. "हे आमच्या आचाऱ्यालाही ठाऊक आहे रे."

विद्याधर हसला नाही.

"मी तो निरोप अडवला, महाराज. त्यावर औषध शोधलं. माझी पिल्लं चिकटली नाहीत. मेंदू शाबूत. पोहत राहिली."

"किती दिवस?"

"...थोडे."

"मग?"

"मेली."

"कशानं?"

विद्याधर घुटमळला. हे त्यानं आपल्या व्याख्यानांत कधी फारसं सांगितलं नव्हतं.

"तोंड चिकटल्यावरच उघडतं त्यांचं. पोहणाऱ्याला खाता येत नाही."

धुनी तडतडली.

बुवांनी झोळी ओढून तिचं तोंड मोकळं केलं. आत तांदूळ होते, कोरडे. त्यांनी मूठभर उचलले आणि बोटांतून पुन्हा झोळीत सोडले.

"कुणी घातले?"

खोटं बोलणं विद्याधरच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यानं जसं घडलं तसं सांगितलं. शेजारीण दोन दिवसांपूर्वीच लेकीकडे निघून गेली होती. दाराला नुसती कडी. स्वयंपाकघरात भांडं हललेलं दिसत नव्हतं. त्यानं तीनदा पुकारा केला, उंबऱ्याशी कुणी आलं नाही. येणार कोण? शेवटी त्यानं आत जाऊन डब्यातले तांदूळ आपल्याच हातानं झोळीत ओतले.

"ती जागी होती?"

"होती. आतल्या खोलीतून तिनं विचारलं, कोण आहे."

"आणि तू?"

"नाव सांगायचं नाही, असा नियम आहे." विद्याधरचा आवाज ताठ होता. "मी पाळला."

"मग गप्प राहिली?"

"नाही..."

"काय म्हणाली?"

"पाणी मागितलं."

विद्याधरनं मान वर ठेवायचा प्रयत्न केला. ठेवता आली नाही.

...

बुवांनी झोळीला गाठ मारली. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि झोळी त्याच्या खांद्यावर अडकवली.

"हे कच्चं आहे," ते म्हणाले. "शिजवून आण. तिला वाढून उरलं तर."