दारावरचं लिंबू

लिंबा-मिरच्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी तुळशीराम वाण्यानं टपोरं लिंबू मिरच्यांबरोबर दोऱ्यात ओवलं आणि दुकानाच्या दारावर टांगलं.

"बाकीची लिंबं सरबतात गेली. मला मात्र शेटनं डोक्यावर बसवलं," लिंबू म्हणालं. "येणारा प्रत्येक जण माझ्यापुढं वाकतो."

"दार बुटकं आहे म्हणून," शेजारची मिरची म्हणाली. लिंबानं तिच्याकडं लक्षच दिलं नाही.

पुढच्या शनिवारी वाण्यानं नवं लिंबू टांगलं आणि सुकलेलं जुनं, मिरच्यांसकट, रस्त्यावर टाकलं. लोक त्याला वळसा घालून जाऊ लागले.

"बघ, अजून केवढा मान आहे! कुणी पाय लावत नाही," लिंबू म्हणालं.

इतक्यात एका शेळीनं लिंबाला तोंड लावायला मान खाली घातली. शेळीवालीनं दावं खसकन ओढलं. "मेले, त्याला शिवू नको! आख्ख्या दुकानाची इडापिडा भरलीय त्यात."

त्यानंतर लिंबू, चुकून तरी कुणाचा पाय आपल्यावर पडावा, एवढीच वाट बघत राहिलं. संध्याकाळपर्यंत बाजार भरला आणि पांगला. एकाचाही पाय चुकूनही पडला नाही.