विभूती कपाळाला, पाणी पानाला

शके १८३३, चैत्र वद्य द्वितीया. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे झाली होती. पळसगव्हाण येथे श्रीअचलगिरी महाराजांचा मठ होता. त्या मठामागच्या मळ्यात ठकूबाई माळीण वाफे मोजीत उभी होती. चवळई, चाकवत, अंबाडी मिळून वाफे छत्तीस. त्यांतले एकवीस पिवळे पडले होते.

तेरा दिवसांवर महाराजांच्या गुरूंचा भंडारा होता. मठाची रीत अशी, की त्या दिवशीची पालेभाजी याच मळ्यातली असावी. बावीस वर्षे ही सेवा ठकूबाईकडे होती.

इतक्यात मुकुंदराव इनामदार बांधावर आले. मळ्याची जमीन त्यांच्या वडिलांनी मठाला दिलेली. शिवाय बागाईतीतले आपल्याइतके कोणालाच कळत नाही, हा त्यांचा पक्का समज!

"काय ठकू, धुनीची राख रोज टाकतेस ना पानांवर? मग महाराजांची विभूती झोपली की काय?" ते हसले. "अगं, तहानेनं पिवळी पडलीत ती. उपटून टाक. भंडाऱ्याला माझी वांगी येतील, आणि यापुढं मळाही माझाच गडी बघेल."

सेवा जाणार, याहून विभूतीला कोणी हसले हे ठकूबाईला अधिक लागले. ती तशीच महाराजांपुढे गेली.

"म्हाराज, एक दिस चुकले न्हाई. माझंच काय तरी पाप असंल."

"पाप नाही, माये. चल, आधी पान पाहू," महाराज म्हणाले.

मळ्यात येऊन त्यांनी प्रथम वाफ्यात बोट खुपसले. माती ओली होती. "तहान नव्हे," ते म्हणाले. मग आपले शुभ्र उपरणे रोपाखाली पसरून त्यांनी पानावर टिचकी मारली. खसखशीहून बारीक असे तांबूस ठिपके खाली पडले.

"धूळ आहे ती!" मुकुंदराव म्हणाले.

"जरा थांबा, इनामदार."

आणि काय आश्चर्य! ठिपके चालू लागले! महाराजांनी पान उलटे केले, तर खाली तलम जाळे विणलेले.

"हे लाल कोळी, पानांतला रस शोषतात. कोरड्या धुळीत यांचं फावतं. राखेनं यांची सोयच झाली, आणि यांना खाणारे जीव मात्र मेले. विभूती कपाळाला लावावी, ठकू. पानाला पाणी द्यावं, तेही खालच्या अंगानं."

"पाणी?" मुकुंदराव म्हणाले. "विहिरीत घागर बुडत नाही! आहे ते मुळांनाच जेमतेम पुरतं."

महाराजांनी आपली झारी त्यांच्या हाती दिली. "भरलेली आहे. तुम्हीच धुवा."

"एका झारीत छत्तीस वाफे?"

"संपली की थांबा."

मुकुंदराव हसतच वाकले. ठकूबाई पुढे जाऊन जाळ्यांनी भरलेली पाने खुडून टोपलीत टाकी, जाळण्यासाठी. मागून ते उरलेली पाने उलटी करून धूत. पाच वाफे झाले, दहा झाले. झारी हलकी होईना! त्यांनी दोनदा आत डोकावून पाहिले. पागोटे काखेत आले, कंबर भरून आली. छत्तिसावा वाफा धुऊन झाला, तेव्हाही पाणी काठोकाठ होते.

मुकुंदरावांनी झारी दोन्ही हातांनी महाराजांपुढे ठेवली. त्यांनी विचारले, "आता पुढं काय करायचं, महाराज?"

"गेल्या सालच्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, गाळून घ्या आणि उन्हं उतरल्यावर पानांखाली शिंपडा. चार दिवसांनी पुन्हा. मग थांबा, नाहीतर भाजी कडू लागेल."

निंबोळ्या मुकुंदरावांनी स्वतः कुटल्या. सहाव्या दिवशी कोवळी पाने फुटू लागली.

अमावास्येला भाजी चुलीवर चढली. वाढायला मुकुंदरावच उभे होते. पंगत बसण्यापूर्वी त्यांनी महाराजांच्या पायांवर मस्तक ठेवले आणि मग ठकूबाईपुढेही वाकले.

"अवो इनामदार, पाया काय पडताय! भाजी करपंल तिकडं!" ती लाजून म्हणाली.

"मळा तुझाच, ठकूबाई," ते म्हणाले.

त्या दिवशी चारशे बारा पाने उठली, आणि भाजी सर्वांना पुरली.