उपाशीपोटी

"सांगा ना भन्ते, यात आता काय राहिलं?"

प्रज्योतनं घडीचा कागद भन्ते धम्मरक्षितांपुढं सरकवला. थायरॉइडच्या गोळ्यांच्या खोक्यात असते ती माहितीपत्रिका. मराठीत त्यानंच लिहिलेली. त्याच्या औषध कंपनीत सगळ्यांनी वाहवा केली होती. तीच वाहवा आपल्या जुन्या सरांच्या तोंडून ऐकावी म्हणून तो नागपूरहून पवनीला आला होता.

भिक्खू होऊन चीवर घेण्याआधी भन्ते औषधशास्त्र शिकवायचे. आता दर रविवारी विहाराच्या ओसरीवर बसून लोकांना त्यांची औषधं समजावून सांगायचे.

भन्तेंनी कागद उघडलाच नाही.

"सयत्राबाईंना विचार," ते म्हणाले.

रांगेतली पहिली बाई पुढं सरकली. चेहरा सुजलेला, आवाज जड. पंचवीस वर्षं मागावर साड्या विणल्या होत्या तिनं. आता धोटा फेकता फेकता हात गळून जायचे.

"हा कागद तं माह्याजवळ हाय," ती म्हणाली. पिशवीतून तशीच पत्रिका काढली. हाताळून हाताळून घड्या मऊ पडलेल्या.

"वाचलीत तुम्ही?" प्रज्योतचा चेहरा उजळला.

"हाव. सातवी पास हाय मी. समदी वाचली. जसं लिवलं तशीच गोळी घेतली. पण गुण नाही, बापू. डाक्टर म्हणते, पुढच्या हप्त्यात डोस वाढवू."

"गोळी कधी घेता?"

"उपाशीपोटी लिवलं ना? माहा उपास सोमवारचा. चार महिन्यांत एक सोमवार चुकवला नाही."

प्रज्योतला हसू फुटलं. भन्ते हसले नाहीत. मग त्याचंही हसू विरलं.

"अहो, रोज घ्यायची ती! लिहिलंय मी."

"कुठं?"

त्यानं बोट फिरवत फिरवत जागा शोधली. तिसरा परिच्छेद. 'दैनंदिन मात्रा वैद्यकीय सल्ल्यानुसार सेवन करावी.'

सयत्राबाईनं ओळ अडखळल्याशिवाय वाचली. "मात्रा तं अक्षरावर असते," ती हळूच म्हणाली.

प्रज्योत भन्तेंकडं वळला. "भन्ते, आता प्रत्येक शब्दाचा असा अर्थ कुणी काढला तर..."

भन्तेंनी स्वतःची पेन्सिल त्याच्या हातात दिली. सयत्राबाईच्या शेजारच्या गोणपाटाकडं बोट दाखवलं. आणि ते रांगेतल्या पुढच्या माणसाशी बोलायला लागले.

प्रज्योत बूट काढून गोणपाटावर बसला.

त्यानं लिहिलं : रोज सकाळी काही न खाता घ्या.

"चहा तं चालते ना?" सयत्राबाईनं विचारलं. "चहा काही खाणं नाही."

त्यानं खोडलं. पुन्हा लिहिलं.

"चहा किती येळानं?"

पुन्हा खोडलं.

"अन् सोमवारी?"

"सोमवारीसुद्धा."

"मंग तसं लिव ना."

त्यानं लिहिलं. ती वाचायची, थांबायची, विचारायची. तो खोडायचा. ऊन ओसरीवर चढलं, रांग पांगली, कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. शेवटी एका कोऱ्या कागदावर त्यानं मोठ्या अक्षरांत उतरवलं :

'रोज एक गोळी. सकाळी उठल्यावर, साध्या पाण्यासोबत. चहा-नाश्ता अर्ध्या तासानं. उपास असो नसो, गोळी चुकवू नका.'

"आता सांगा, गोळी कधी घ्याल?"

तिनं कागद उलटा ठेवला आणि न बघता सगळं सांगितलं. आपल्याच शब्दांत. एकही चूक नाही.

"आणि हे बघा, मावशी," प्रज्योत घाईनं म्हणाला, "डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा, आजवर फक्त सोमवारीच घेतली म्हणून. नक्की सांगा."

"सांगतो. मंग... मागावर बसता येईल मले?"

"औषध अजून तुमच्या अंगाला नीट लागलंच नाही, मावशी. आता लागेल."

सयत्राबाई हसली. कागद जपून पिशवीत ठेवून ती पायऱ्या उतरली.

प्रज्योतची पाठ आखडली होती. बोटं पेन्सिलीनं काळी झाली होती.

"भन्ते, एका ओळीपायी अख्खी सकाळ गेली."

"तिचीही गेली," भन्ते म्हणाले. "पण विद्यार्थी बरा मिळाला तिला."