म्हैशासुराची पंगत

त्या वर्षी सखाहरी महाराजांचा मुक्काम डोंगरातल्या मोहदरी गावी होता. भाविकहो, महाराजांच्या पायधुळीने गावाचं सोनं झालं. एकट्या येसू कारभाऱ्याच्या पोटात मात्र दुखू लागलं, आणि तेही सणावारांप्रमाणे.

नागपंचमीला महाराजांनी बुधा गुराख्याच्या झोपडीत नागलीची भाकर खाल्ली, दुखलं. दसऱ्याला पहिलं सोनं बुधाच्या हातून घेतलं, पुन्हा दुखलं. दिवाळीतल्या वाघबारशीला येसूने मुद्दाम गादी अंथरली, तर महाराज बुधाच्या घोंगडीवर जाऊन बसले! होळीपर्यंत घरातला ओवा संपला.

"त्या बुध्याला धड बोलता येत नाही," येसू बायकोला म्हणाला, "आणि महाराज त्याच्याशी हसून बोलतात! मी काय कमी हसतो?"

"तुम्ही हसता?" ठकूबाईंनी विचारलं.

चैत्रात बोहाडा आला. देवादिकांचे लाकडी मुखवटे घालून नाचायची ही जत्रा. देवीचा मुखवटा तीन पिढ्या येसूच्या घरचा. म्हैशासुर कुणालाच नको, म्हणून तो बुधाकडे. आदल्या दिवशी महाराज म्हणाले, "यंदा म्हैशासुराला शेजारी घेऊन जेवायचं मनात आहे."

येसू ताडकन उठला. "यंदा म्हैशासुर मी!"

"आणि देवी?" पंचांनी विचारलं.

"द्या त्या बुध्याला!"

शेवटी म्हैशासुर देवीच्या पायांवर पडतो आणि मगच खेळ संपतो, एवढंही त्या मत्सरात त्याला आठवलं नाही.

आठवलं ते ऐन रिंगणात, उजाडताना, ढोल टिपेला गेल्यावर. समोर देवीचा मुखवटा आणि खाली बुधाची भेगाळलेली पावलं. "ह्या पायांवर? मी?" येसू वळला तो थेट रिंगणाबाहेर मांडलेल्या पंगतीत, महाराजांच्या शेजारी जाऊन बसला.

पान वाढलं. येसूने मुखवटा ओढला. निघेना! दोघांनी शिंगं धरून ताणलं, सुताराने कडेने तेल सोडलं, ढिम्म. समोर वाफाळतं वरण आणि तोंड लाकडाचं. त्यातच त्याची म्हैस दावं तोडून आली आणि मोठ्या मायेने त्याचा लाकडी कान चाटू लागली.

"ओळखीचं दिसतंय कुणीतरी," महाराज म्हणाले आणि शांतपणे भात कालवू लागले.

"आता ह्यांना घरात नेऊ का गोठ्यात?" ठकूबाई म्हणाल्या. गाव खो खो हसलं.

पण आत येसूचा श्वास कोंडत चालला होता. त्याची धडपड मंदावली, तसं हसू थांबलं. ठकूबाईंनी हंबरडा फोडला. बुधा देवीच्या वेषातच धावत आला आणि महाराजांपुढे हात जोडून उभा राहिला.

"महाराज, माझ्या झोपडीत पुन्हा येऊ नका. सगळे सण कारभाऱ्यांकडं करा. पण त्यांना श्वास घेऊ द्या!"

"अरे, खेळ अर्धा टाकून आलाय तो," महाराज म्हणाले. "मुखवट्याला कसं कळावं, की संपला म्हणून?"

येसूने हे लाकडाआडून ऐकलं. वर्षभर ज्याचा हेवा केला, तो आपला सगळा मान येसूच्या एका श्वासासाठी देऊन मोकळा झाला होता. आता हेवा करावा असं बुधाजवळ काही उरलंच नव्हतं! येसू गुडघ्यांवर सरकत गेला आणि शिंगांसकट बुधाच्या पायांवर पडला. महाराजांनी उठून शिंगांवर हात ठेवला. काय ती लीला! मुखवटा अलगद सुटून बाजूला घरंगळला.

"उठा कारभारी, सुटला मुखवटा!" लोक ओरडले.

"कळलं," येसू तिथूनच म्हणाला, आणि त्याने बुधाचे पाय आणखी घट्ट धरले.