खडकाला घातलेला वळसा

पूर्वी शंखवेल नावाच्या बंदरात अरिंदम राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नावाड्यांच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव वेणुक. राजाची मोठी नौका पलीकडच्या बेटावर नेण्याआणण्याचे काम त्यांच्याकडे होते. वाटेत पाण्याखाली एक खडक होता. भरतीच्या वेळी तो दिसत नसे. बोधिसत्त्व त्याला लांबून वळसा घालीत. त्यात अर्धा दिवस जाई आणि प्रवासी कुरकुर करीत. वीस वर्षे त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

त्याच बंदरात सुबाहू नावाचा तरुण नावाडी होता. लवकर पोहोचावे म्हणून एकदा तो सरळ गेला आणि त्याची नाव खडकावर फुटली. तो पट्टीचा पोहणारा होता. लाटांत पुन्हा पुन्हा उडी घेऊन त्याने तेवीस जणांना फळ्यांवर चढवले. सारे नगर त्याला पाहायला लोटले. राजाने भरसभेत त्याच्या खांद्यावर शेला घातला. मग बोधिसत्त्वांकडे वळून विचारले, "वेणुका, तू इतकी वर्षे समुद्रावर आहेस. तू किती जणांना वाचवलेस?"

"सांगता येणार नाही, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "माझ्या नौकेतले कोणी पाण्यात पडलेच नाही."

सभेत हशा पिकला. राजाने मोठी नौका सुबाहूच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी सुबाहू बोधिसत्त्वांच्या दारी आला. ते शीड शिवत बसले होते. तो उंबऱ्याशीच टेकला.

"दादा, तेवीस जण वाचले असे सगळे सांगतात," तो म्हणाला. "अकरा जण बुडाले, त्यांचे नाव कोणी काढत नाही. मोठ्या नौकेत दोनशे माणसे असतात. मला भीती वाटते."

सभेतल्या हशाने बोधिसत्त्वांनाही क्षणभर लागले होते. त्या तरुणाचा चेहरा पाहून ते निवळले. भीती वाटणाराच चांगला नावाडी होतो, असे सांगून ते त्याच्या हाताखाली वल्हेकरी म्हणून नौकेवर चढले. खडकाजवळ पाण्याचा रंग कसा पालटतो, वारा पडला तर कुठे थांबायचे, हे सारे त्यांनी त्याला शिकवले.

वर्ष सरले. राजाने सुबाहूला बोलावून नवा पराक्रम विचारला. सुबाहूने सांगितले, की यंदा काहीच घडले नाही, आणि काही वाईट घडू न देणारा माणूस वल्ह्यावर बसतो.

राजा आसनावरून उठला. मग तो स्वतः धक्क्यावर गेला. लोक नौकेतून उतरत होते. उशीर झाला म्हणून एक म्हातारी तणतणत होती. लेक घरी वाट पाहत असेल, म्हणत होती. राजाने तिला हात देऊन खाली उतरवले आणि पुढे होऊन वल्ह्यापाशी बसलेल्या वेणुकाला नमस्कार केला.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्खूंचे गुरू, विहारातल्या भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचे सभाजन म्हणजे तुम्ही. सुबाहू म्हणजे हा उत्तरक; तेव्हा शिकलेली सावधगिरी न विसरता तो रोज तुमचे पिण्याचे पाणी गाळून ठेवतो. या पावसाळ्यात कोणी आजारी पडले नाही, म्हणून तुमचे त्याच्याकडे लक्ष गेले नाही. वेणुक नावाडी मीच होतो. संकट येण्याआधीच जागी असलेली जी करुणा, तिला अप्रमाद म्हणतात."